किल्ले माझे, मठ तुझे

"केतकीला कशाला सांगताय? ती तोंड उघडेपर्यंत आपली दुसरी कॉफी होईल," नीलाकाकू म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात हशा पिकला. मी तेव्हा बाहेर, गराजच्या दाराशी, बुटांच्या ढिगात माझ्या बुटांना जागा शोधत वाकले होते. "गेल्या वर्षी भूतानला तीच होती ना बरोबर?" दुसऱ्या कुणीतरी विचारलं. "होती की. आल्यावर मी विचारलं, कसं होतं गं भूतान? तर म्हणे, छान होतं. झालं! संपलं भूतान!" पुन्हा हसणं. नीलाकाकूंच्या बोलण्यात विष नव्हतं, आणि खोटंही काही नव्हतं. मी बूट ठेवले आणि आत गेले.

मार्चमधली शनिवारची दुपार होती. अमेरिकेत, ट्रॉयमधल्या त्या घराच्या अंगणात कडेकडेने अजून काळवंडलेला बर्फ साचून होता. कुमुदमावशी जाऊन काही आठवडे झाले होते. त्यांच्या यजमानांनी, दिनकरकाकांनी, विधी वगैरे काही नको असं ठरवलं होतं. तिच्या माणसांनी घरी यावं, पोटभर खावं आणि एकेकाने तिच्याबद्दल थोडं बोलावं, एवढंच. त्या एकेकांत मीही होते. "तू भूतानबद्दल बोल. ते दुसऱ्या कुणाला येणार नाही," असं काकांनी मला फोनवर सांगितलं होतं. काकांना नाही कसं म्हणायचं ते न सुचल्यामुळे मी हो म्हटलं होतं. पण भूतानमधली जी एक जागा सगळ्यांना माहीत असते, जिच्याबद्दल कुणीही पहिल्यांदा विचारणार, तिच्याबद्दलच मला बोलता येणार नव्हतं. ते सांगायचं नाही असं मावशींनी मला बजावून ठेवलं होतं. आणि मी ते सांगितलं, तर आता मावशी तिथे कधीच जाणार नाहीत हे माझ्याच तोंडाने कबूल केल्यासारखं होणार होतं...

मावशींची आणि माझी ओळख चार वर्षांची. पुण्याहून नोकरीसाठी ट्रॉयला आले तेव्हा जानेवारी होता, मला गाडी चालवता येत नव्हती आणि मी आठवडाभर सीरियल आणि केळी खाऊन राहत होते. माझ्या आईच्या मैत्रिणीची थोरली बहीण गावात राहते, एवढं मला ठाऊक होतं. फोन करायचं धाडस झालं नव्हतं. शनिवारी सकाळी अपार्टमेंटखाली हॉर्न वाजला तो थांबेचना. खाली गेले तर काकांचं ढगळ जॅकेट घातलेल्या, मोठं कुंकू लावलेल्या एक बाई खिडकीची काच खाली करून म्हणाल्या, "केतकी ना? बस. सीटबेल्ट लाव. कढीपत्ता पाहिजे की नको?" आमची ओळख एवढ्यावरच झाली. त्यानंतरचा जवळजवळ प्रत्येक शनिवार मी त्यांच्या गाडीत काढला, माझी स्वतःची गाडी आल्यावरही.

त्यांच्या गाडीत एकच नियम होता. "गाडीत मराठी. उतरलीस की बोल तुझं इंग्लिश." मी शिकले इंग्रजी शाळेत. घरी आम्ही अर्धं हे, अर्धं ते असं बोलायचो. आकडे मला अजूनही इंग्रजीतूनच कळतात. लहानपणी नातेवाइकांत माझ्या मराठीला हसायचे आणि शाळेत माझ्या इंग्रजीतल्या मराठीपणाला, म्हणून मी दोन्ही भाषांत कमी बोलायचं ठरवून टाकलं होतं आणि ते मला चांगलं जमतही होतं. मावशी हसल्या नाहीत. पण त्यांनी सोडलंही नाही. मी एखादं वाक्य अर्धवट टाकलं की त्या सिग्नलला थांबून माझ्याकडे वळायच्या, आणि सिग्नल हिरवा झाला तरी वळलेल्याच राहायच्या. मागच्या गाडीने हॉर्न दिला की म्हणायच्या, "लवकर संपव बाई, लोक खोळंबलेत."

त्या भूलतज्ज्ञ होत्या, मी आले तेव्हा नुकत्याच निवृत्त झालेल्या. "माणसं माझ्याशी बोलता बोलता झोपतात, असा माझा धंदा," असं त्या नव्या माणसाला हमखास सांगायच्या. भूल देण्याआधी पेशंटला त्या आकडे मोजायला लावत नसत. त्याला म्हणत, तुमच्या आवडत्या जागेबद्दल सांगा. मग कुणी आजोळचं तळं सांगायला लागे, कुणी मासे पकडायची नदी, कुणी मिशिगनच्या उत्तरेकडचं एखादं लाकडी घर... आणि तळ्याच्या काठापर्यंत पोचता पोचता आवाज जड होऊन थांबे. "तीस वर्षं मी गोष्टींच्या नुसत्या सुरुवाती ऐकल्या गं," त्या एकदा भाजीच्या पिशव्या डिकीत ठेवता ठेवता म्हणाल्या. "शेवट एकाचाही नाही. त्या नदीत मासा मिळाला की नाही, मला आजतागायत माहीत नाही."

मावशी मूळच्या साताऱ्याच्या. अजिंक्यतारा त्यांच्या घराच्या मागच्या खिडकीतून दिसायचा, आणि वडिलांबरोबर त्यांनी लहानपणी आसपासचे बरेच किल्ले पायाखाली घातले होते. अमेरिकेत एवढी वर्षं काढून त्यांना एका गोष्टीची रुखरुख होती, ती किल्ल्यांची. भूतानचं वेड त्यातूनच आलं. तिथल्या किल्ल्यांना झोंग म्हणतात, आणि त्या झोंगांमध्ये अजून माणसं राहतात, सरकारी कामं चालतात, भिक्षू प्रार्थना करतात, असं त्यांनी कुठेतरी वाचलं. त्या दिवशी गाडीत बसल्या बसल्या त्यांनी मला जाहीर केलं, "मला जिवंत किल्ला बघायचाय. आपल्याकडे गडावर गेलं की गाइड काय सांगतो? इथे राजवाडा होता, इथे कोठार होतं. होतं, होतं, होतं! कुणीतरी मला एकदा 'आहे' म्हणा." काकांना प्रवासाचा कंटाळा. "डोंगर मला टीव्हीवर आवडतात, तेही आवाज बंद करून," असं म्हणून ते त्यांच्या टोमॅटोच्या रोपांकडे वळले. राहिले मी. एप्रिलमध्ये मी पुण्याला जाणारच होते. "थोडी वाकडी वाट करून चल," मावशी म्हणाल्या, जसं काही भूतान म्हणजे पुण्याला जाताना वाटेत लागणारं खंडाळा.

भूतानला आपल्या लोकांना व्हिसा लागत नाही, असंही त्यांनी इथल्या महाराष्ट्र मंडळात सगळ्यांना सांगून टाकलं. ते खरंच होतं. फक्त 'आपले लोक' या शब्दांत त्या स्वतःला धरून चालल्या होत्या. अमेरिकेचं नागरिकत्व घेऊन त्यांना इतकी वर्षं झाली होती की ते घेतलंय हे त्या विसरल्या होत्या. प्रवास कंपनीच्या माणसाने फोनवर समजावलं की मॅडम, तुम्ही परदेशी पाहुण्या. तुम्हाला व्हिसा लागेल, गाइड लागेल, ठरलेली गाडी लागेल. तुमच्याबरोबरच्या मुलीला यातलं काही लागणार नाही. मावशी फोन ठेवून एवढ्या हसल्या की त्यांना डोळे पुसावे लागले. "म्हणजे भूतानच्या लेखी मी मडम, आणि तू घरची!" पण पारोच्या विमानतळावर मी चटकन पुढे गेले आणि त्यांचे कागद बघायला वेळ लागला, तेव्हा त्या हसत नव्हत्या. तो निळा पासपोर्ट हातात उलटसुलट करत उभ्या होत्या. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाल्या, "आपण देश सोडला, हे मला आज कळलं बघ." मग लगेच, "चल, तो आपला गाइड हात करतोय. केवढासा आहे! याला जेवायला घालतात की नाही?"

आमच्या गाइडचं नाव कर्मा. त्याचं हिंदी टीव्हीवरच्या मालिका बघून आलेलं, त्यामुळे अस्खलित आणि थोडं नाटकी. मावशींचं हिंदी साताऱ्याचं. "हम को पहले किल्ला दिखाव, बाद में देऊळ," असं त्यांनी सांगितलं की तो गंभीरपणे मान डोलवून म्हणायचा, "जैसी आपकी आज्ञा, मौसीजी." पहिल्याच दिवशी त्यांनी त्याला विचारलं की झोंगमध्ये जाताना तू हा पांढरा शेला का घेतोस. तो म्हणाला, आमचा नियम आहे. झोंगमध्ये जायचं तर आमच्या माणसाने आमचा पूर्ण पोशाख घालायचा आणि खांद्यावरून हा शेला. पाहुण्यांना नियम नाही. झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींनी बॅगेतून दोन साड्या काढल्या. "ते नियम म्हणून नेसतात, आपण मान म्हणून नेसू." मला साडी नेसता येत नाही. हॉटेलच्या खोलीत त्यांनी मला उभं करून निऱ्या घातल्या, तोंडात पिना धरून "हलू नकोस, हलू नकोस" करत. खाली दोघींच्याही पायांत बर्फात घालायचे जाडजूड बूट. पारोच्या झोंगला जाताना नदीवर छपराचा लाकडी पूल आहे, आणि पुढे दगडी फरसबंदीचा चढ. त्या चढावर शाळेतून निघालेल्या मुलींचा एक घोळका आम्हाला बघून तोंडावर हात ठेवून हसत सुटला. मी शरमेने खाली बघत होते. मावशींनी मात्र साडी जरा वर उचलून त्यांना बूट नीट दाखवले.

मावशींचे गुडघे गेलेले होते. सपाटीवर त्या माझ्यापेक्षा भराभर चालत, पण चढ आला की त्यांचा चेहरा बदलायचा, आणि उतरताना तर त्या ओठ दाबून धरायच्या. झोंग बहुतेक नदीकाठी, रस्त्याच्या जवळ. तिथे त्या हट्टाने स्वतः जायच्या. पुनाखाचा झोंग दोन नद्यांच्या संगमावर आहे, आणि आत शिरायला शिडीसारखा उभा लाकडी जिना. मावशी पायरीवर बसल्या आणि उलट्या, एकेक पायरी मागे सरकत, साडी सावरत वर गेल्या. दारावरच्या शिपायाने सभ्यपणाने नदीकडे तोंड केलं. वर पोचल्यावर समोर मोठं फरसबंदीचं अंगण, मधोमध पिंपळ, एका बाजूला फायली घेऊन चाललेला कारकून आणि दुसऱ्या बाजूला लाल वस्त्रं वाळत घालणारे भिक्षू. मावशी धापा टाकत होत्या आणि हसत होत्या. "बघ! कलेक्टर कचेरी आणि मठ, एकाच अंगणात. 'होतं' नाही गं... आहे!"

मठांचं मात्र त्यांना जमेना. मठ डोंगरात, वर, पाऊलवाटेने. म्हणून त्यांनी वाटणी केली. "किल्ले माझे, मठ तुझे. मी खाली चहा पीत बसते. तू वर जा, बघ, आणि खाली येऊन मला सांग." आत फोटो काढू देत नाहीत, तेव्हा सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. थिंपूच्या पुढे, जंगलात, चेरी नावाचा जुना मठ आहे. आमची सुरुवात तिथून झाली. मी आणि कर्मा वर जाऊन आलो. ओढ्याकाठी एका दगडावर मावशी थर्मास घेऊन बसल्या होत्या. "बोल," त्या म्हणाल्या.

"छान होतं," मी म्हणाले.

"छान तर साबुदाण्याची खिचडी पण असते. काय बघितलंस?"

मी म्हटलं, मूर्ती होत्या, दिवे होते. केवढे दिवे? कशाचे? लोण्याचे. वास कसला? तुपासारखा. आपल्या देवघरातल्या तुपासारखा? नाही, तसा नाही... जुन्या तुपासारखा, आणि धुराचा, आणि खूप दिवस उन्हात न टाकलेल्या घोंगडीसारखा. हां, पुढे. जमीन कशी होती, पायाला गार लागली का? लाकडाची होती, आणि एका जागी, जिथे माणसं नमस्काराला उभी राहतात तिथे, पावलांच्या आकाराचे खळगे पडले होते. हे मी तोपर्यंत स्वतःलाही सांगितलं नव्हतं. कोण होतं तिथे? एक म्हातारे भिक्षू होते, त्यांनी माझ्या ओंजळीत पाणी घातलं, आणि मला कळेना की प्यायचं की काय. मग कर्माने खूण केली, थोडं प्यायचं आणि उरलेलं डोक्यावरून फिरवायचं. "तीर्थ!" मावशी म्हणाल्या. "तीर्थच की. चव?" कापराची, मी म्हणाले, आणि केशराची असावी. मावशी डोळे मिटून बसल्या होत्या. ओढ्याचा आवाज येत होता. मग त्या म्हणाल्या, "आता पोचले मी. चल, भूक लागली."

त्या संध्याकाळी हॉटेलमध्ये त्या काकांशी फोनवर बोलत होत्या आणि मी शेजारच्या पलंगावर पुस्तक उघडून बसले होते. "अहो, लाकडी जमिनीत पावलांचे खळगे पडलेत," त्या सांगत होत्या. "आणि वास कसा म्हणाल, तर घोंगडी उन्हात टाकली नाही ना की येतो, तसा." सगळं मी सांगितलेलं, माझ्याच शब्दांत. पण त्यांच्या आवाजात ते शब्द नीट उभे राहत होते, कुणी हसेल असं त्यांच्यात काही नव्हतं. मी पुस्तकाचं पान उलटलं नाही. त्यानंतर रोज असंच चाललं. वांगदीच्या कड्यावर निवडुंगांतून वर जाणारी वाट, एका मठाच्या दारावर रंगवलेला वाघ, देवापुढे नैवेद्य म्हणून ठेवलेली बिस्किटांची पाकिटं... मी वरून घेऊन यायचे, त्या प्रश्न विचारून सोलायच्या, आणि संध्याकाळी ते काकांपर्यंत पोचायचं. चढताना मी वाक्यं जुळवायला लागले होते. कर्मा म्हणाला, "दीदी, आप ऊपर जाकर खुद से बात करती हैं."

तक्त्संग शेवटच्या दिवशी होतं. उभ्या कड्याला चिकटलेला तो पांढरा मठ भूतानच्या प्रत्येक कॅलेंडरवर असतो. अर्ध्या वाटेपर्यंत घोडा जातो, म्हणून मावशींनी घोडा केला. घोडा अगदी दरीच्या कडेकडेने चालायचा. "अरे बाबा, मधून चाल की! एवढा रस्ता पडलाय!" असं त्या त्याला मराठीत रागावत होत्या, आणि घोडेवाला ते आपल्यालाच समजून "हो" म्हणून मान हलवत होता. अर्ध्या वाटेवर एक चहाचं घर आहे. तिथल्या ओट्यावरून मठ अगदी समोर दिसतो. मध्ये फक्त दरी. खिडक्यांचे पडदे हललेले कळतात. पण तिथे पोचायला वर चढून, मग शेकडो पायऱ्या दरीत उतरून, एका धबधब्यापाशी वळून पुन्हा चढावं लागतं. मावशी ओट्यावर बसल्या. नेहमीसारखं "जा" म्हणाल्या नाहीत. नुसत्या बघत राहिल्या. आम्ही निघालो तेव्हाही त्या आमच्याकडे वळल्या नाहीत.

मी परत आले तेव्हा उन्हं उतरायला लागली होती. येताना त्या सगळ्या पायऱ्यांवर मी सांगायचं ते लावत आले होते, कुठून सुरू करायचं, काय शेवटी ठेवायचं. मला आठवत नाही की त्याआधी आयुष्यात कधी मला काही सांगायची इतकी घाई झाली होती. मी ओट्यावर पोचले, पाणीही प्यायले नाही, म्हणाले, "मावशी, आत ना..." आणि त्यांनी हात वर केला.

"नको. हे सांगू नकोस."

मला वाटलं त्यांना बरं वाटत नाहीये. तसं नव्हतं. "इतकं समोर दिसतंय," त्या म्हणाल्या, "हे मी दुसऱ्याच्या तोंडून नाही ऐकणार. गुडघे बदलून घेते आणि पुढच्या वर्षी येते. तोवर तू एक अक्षर बोलायचं नाहीस. शपथ घे." मी शपथ घेतली. मग त्यांनी माझा पडलेला चेहरा बघितला असावा. "अगं, वाया नाही जाणार. मी बघून आले की आपण ताडून बघू, तुला काय दिसलं आणि मला काय." त्या संध्याकाळी काकांना त्या एवढंच म्हणाल्या, "आजचं नाही. आजचं पुढच्या वर्षी."

आणि त्यांनी खरंच गुडघे बदलून घेतले, पानगळीच्या आधी एक आणि नंतर दुसरा. स्वतः भूल घेताना त्यांनी तिथल्या तरुण डॉक्टरला आपणहून सांगायला सुरुवात केली, एक कडा आहे, त्याच्यावर एक पांढरा मठ आहे, मी समोरच्या ओट्यावर बसलेय... "दरीपर्यंत पोचले, आणि मग काय झालं ते माहीत नाही," असं त्या शुद्धीवर आल्यावर काकांना म्हणाल्या. हिवाळ्यात बाहेर चालायची सोय नाही, म्हणून रविवारी सकाळी, दुकानं उघडायच्या आधी, आम्ही मॉलमध्ये चालायला जायचो. आमच्यासारखे पुष्कळ असतात. निवृत्त माणसं पांढरे बूट घालून बंद दुकानांसमोरून फेऱ्या मारतात. मावशी सरकत्या जिन्याकडे बघायच्याही नाहीत. बाजूच्या साध्या जिन्याने वर, खाली, पुन्हा वर. "हा चहाच्या घरापर्यंतचा टप्पा," पहिल्या मजल्यावर त्या म्हणायच्या. "आता दरी." एकदा मी बेसावधपणे म्हणाले, "मावशी, धबधब्यापाशी पायऱ्या ओल्या असतात हं, तिथे..." त्यांनी भर मॉलमध्ये दोन्ही कानांवर हात ठेवले. बाजूने जाणारे एक गोरे आजोबा दचकून थांबले. मावशी त्यांना इंग्रजीत म्हणाल्या, "ही मुलगी फार बोलते." त्याआधी किंवा त्यानंतर माझ्याबद्दल असं कुणी म्हटलेलं नाही.

एप्रिलची तिकिटं काढून झाली होती. फेब्रुवारीत एका दुपारी काकांचा ऑफिसात फोन आला. काका कधी ऑफिसात फोन करत नसत. "केतकी, कुमुद गेली," ते म्हणाले. सकाळी चहा करताना त्या पडल्या. मेंदूत रक्तस्राव झाला होता. फोन ठेवून मी परत मीटिंगमध्ये गेले आणि शेवटपर्यंत बसले. कुणाला काही कळलं नाही. मला ते जमतं, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच मला त्याचा राग आला.

तर त्या शनिवारी, मार्चमध्ये, एकेक जण बोलला. नीलाकाकूंनी मावशींच्या पुरणपोळ्या कशा फाटायच्या ते सांगितलं आणि शेवटी स्वतःच रडल्या. नागपूरचा शिरीष म्हणाला की माझ्या मुलाच्या ऑपरेशनच्या वेळी त्या तीन तास आमच्या शेजारी बसून राहिल्या, आणि त्यातले अडीच तास मलाच रागवत होत्या. माझी पाळी आली तेव्हा काकांनी माझं नाव घेतलं नाही. बहुतेक माझ्याकडे बघून त्यांनाच दया आली असावी. "आता जरा भूतान बघू," असं म्हणून त्यांनी कॅमेरा टीव्हीला जोडला. झोंगांचे फोटो झाले. मग मठ सुरू झाले. मठांचे सगळे फोटो मावशींनी खालून काढलेले. वर डोंगरात टिकलीएवढं काहीतरी पांढरं, आणि कोपऱ्यात त्यांच्या चहाचा कप. "हा भूतानचा अल्बम आहे की चहाचा, यार?" शिरीष म्हणाला, आणि सगळे हसले. काकाही हसले.

मग तक्त्संग आलं. एकच फोटो, ओट्यावरून काढलेला.

"अगं बाई..." नीलाकाकू म्हणाल्या. "आणि आत काय आहे?"

"आतले फोटो कुठेत, काका?"

"आत कॅमेरा नेऊ देत नाहीत," काका म्हणाले. "केतकी गेली होती."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी गालिच्याकडे बघत होते. "मावशींनी..." मी म्हणाले. पुन्हा म्हणाले, "मावशींनी सांगायचं नाही म्हटलं होतं. त्यांना स्वतः बघायचं होतं."

"माहितीये मला," काका म्हणाले. रिमोट त्यांनी दोन्ही हातांत धरला होता. "रोज अर्धा अर्धा तास बोलायची. त्या दिवशी म्हणाली, आजचं पुढच्या वर्षी. तेवढं एकच राहिलंय बघ माझं." टीव्हीवर तो कडा तसाच होता. "ती आता जायची नाही, केतकी. पण मला ऐकायचंय."

मला वाटलं होतं, सांगायला तोंड उघडलं की मावशींचं तिथे जाणं कायमचं संपेल. काकांच्या तोंडाकडे बघताना कळलं की ते केव्हाच संपलंय, आणि हे त्यांना माझ्या कितीतरी आधी कळलंय. त्या सगळ्या पायऱ्यांवर मी जे लावत आले होते त्यातलं काहीच आठवेना. काय शेवटी ठेवायचं होतं, कुठून सुरू करायचं होतं... मी उभी राहिले नाही. बसल्या जागेवरून, फक्त काकांकडे बघून म्हणाले,

"आत गेल्यावर आधी काहीच दिसत नाही, काका. बाहेरच्या उन्हातून आलेलो असतो ना, नुसता काळोख वाटतो. घाबरायचं नाही. भिंतीला हात लावून थोडा वेळ तसंच उभं राहायचं. मग एकेक दिवा दिसायला लागतो."